हलवू नये

यवतमाळ
२ जून २०२५

आदरणीय पिंपळापुरे सर,
सादर नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी निकिता विठ्ठलराव गावंडे, आर्णी तालुक्यातली. सुमती कन्या वसतिगृहाच्या कार्यालयात गेल्या ऑक्टोबरपासून कंत्राटी प्रोग्रामर आहे. तुम्ही निवृत्त होईपर्यंत बसायचात ती खुर्ची बहुधा अजून तीच आहे. तिचा डावा हात सैल झालाय. तुमचा ई-मेलचा पत्ता आता कार्यालय सांभाळणाऱ्या शीला मॅडमनी दिला. "फोन करू नकोस, सरांना ऐकू येत नाही. लिही, ते उत्तर देतात," असं म्हणाल्या.

प्रवेशअर्जाचा तुमचा प्रोग्राम आम्ही अजून वापरतो. तो वाचताना मला तुमची एक टीप सापडली: "अर्जाची माहिती पानासोबतच राहू द्यावी. सर्व्हरवर हलवू नये. म. पि., जुलै २०१२." का हलवू नये, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून हे पत्र.

सर्व्हरला काही आठवत नाही, एवढं मला कळतं. मुलीने एक पान भरून 'पुढे' दाबलं की तो पुढचं पान देतो आणि तिला विसरून जातो. म्हणून आधीच्या पानांवर भरलेलं सगळं तुम्ही पानाच्या पोटात एका लपलेल्या गठ्ठ्यात ठेवलंय. प्रत्येक 'पुढे'सोबत तो गठ्ठा जातो आणि परत येतो. पण त्या गठ्ठ्यात जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची आणि शाळांची यादीही आहे. यवतमाळात हे जाणवत नाही. मागच्या महिन्यात मी महागावकडच्या एका तांड्यावर गेले होते. तिथल्या ऑनलाइन अर्ज भरायच्या केंद्रात दुसरं पान उघडायला चार मिनिटं लागली. मधेच रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

सर, पदवीपर्यंत पोचलेली आमच्या घरातली मी पहिली. माझा स्वतःचा कॉलेजचा अर्ज आर्णीच्या केंद्रात दोन दिवस अडकला होता आणि बाबा दोन्ही दिवस बाहेरच्या बाकावर बसून होते. ते मी विसरू शकत नाही. म्हणून वाटतं की हे पान हलकं करावं. माहिती सर्व्हरवरच सेशनमध्ये ठेवावी, म्हणजे प्रत्येक ब्राउझरच्या नावाने सर्व्हरवर जो कप्पा उघडतो त्यात. मग पान रिकाम्या हाताने जाईल-येईल.

अर्ज दहा तारखेला सुरू होतात. कारण कळवाल का?

आपली,
निकिता गावंडे


नागपूर
६ जून २०२५

कु. निकिता गावंडे यांस,

पत्र मिळाले. तेरा वर्षांनी कुणी तो प्रोग्राम उघडून वाचला, याचे समाधान वाटले. खुर्चीचा हात माझ्याच काळात सैल झाला होता.

सरकारी दवाखान्यात केसपेपर रुग्णाच्या हातात असतो. डॉक्टर बदलला, खोली बदलली, तरी ज्याचा कागद त्याच्यापाशी. मी तेच केले. पान जड आहे हे मान्य. गावांची यादी गठ्ठ्यातून काढता आली तर पाहा. ते काम किचकट आहे आणि चार दिवसांत होणार नाही. म्हणून या वर्षी काहीच करू नका.

सेशनच्या वाटेला जाऊ नका. कारण टिपेत लिहिलेले नाही, कारण ते लिहिण्याची गरज मला वाटली नाही. तिथे 'हलवू नये' असे म्हटले आहे, तेवढे पुरेसे आहे.

मधुसूदन पिंपळापुरे


यवतमाळ
९ जून २०२५

आदरणीय सर,

उत्तराबद्दल आभार. केसपेपरचं उदाहरण आवडलं. तुमचा सल्ला लक्षात ठेवीन. तूर्त काही हलवलेलं नाही.

उद्यापासून अर्ज सुरू होतात. गडबडीत आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

आपली,
निकिता


यवतमाळ
३० जून २०२५

आदरणीय सर,

तीन आठवड्यांनी लिहितेय आणि काम अवघड आहे.

शुक्रवारी प्रवेशाची यादी लागली. त्याआधी छाननीत शीला मॅडमना सहा अर्ज सापडले. सहाही महागावकडच्या त्याच तांड्यावरच्या केंद्रातले, सतरा जूनला चार मिनिटांच्या आत सादर झालेले. सहा मुलींची नावं वेगळी, पण गुण सगळ्यांचे एकसष्ट पूर्णांक चाळीस. गावापासून कॉलेजचं अंतर सगळ्यांचं चौतीस किलोमीटर. सहाही अर्ज बाद झाले. केंद्र चालवणारे प्रेमसिंग राठोड यांनी एकाच मुलीची माहिती सगळ्यांवर चिकटवली, असं सगळे म्हणतात.

आज प्रेमसिंगभाऊंना कार्यालयात बोलावलं होतं. मी कोपऱ्यातल्या टेबलावर होते.

"सहा जणींचे गुण सारखे कसे?" मॅडमनी विचारलं.

"मले काय माहीत मॅडम? मी गुणपत्रिका पाहून पाहून भरले. सोनूले अठ्ठ्याऐंशी हायेत. मी कायले एकसष्ट टाकीन? माह्याच तांड्याची पोरगी हाय थे!"

"मग ते आपोआप झालं का?"

"आपोआप म्हणा, नाई तं भुतानं केलं म्हणा. मी नाई केलं."

कुणीतरी हसलं. ते उठले आणि जाताना माझ्या टेबलाशी थांबले. "तुम्ही आलत्या ना आमच्या इकडं? पान हलकं करून देतो म्हणत होत्या. झालं बरं हलकं. आता माही सहीच कोणी घेत नाई."

सोनू चव्हाणच्या आईला, लालीबाईंना, ते जिन्याखाली बसवून आले होते. हातात पिशवी, पिशवीत मूळ गुणपत्रिका. खरंच अठ्ठ्याऐंशी पूर्णांक साठ. वसतिगृह मिळालं नाही तर सोनूचं कॉलेज होणार नाही; तांड्यावरून रोज जाणं-येणं शक्य नाही.

सुनावणी शुक्रवारी, चार जुलैला आहे. प्रेमसिंगभाऊंच्या केंद्राचा परवाना कायमचा काढायचा की नाही, ते तेव्हा ठरेल. त्याआधी मला अहवाल द्यायचाय की प्रोग्रामकडून अशी चूक होऊ शकत नाही. मॅडमनी मजकूर जवळपास सांगूनच ठेवलाय.

सर, प्रोग्राम स्वतःहून एकीची माहिती दुसरीच्या अर्जात टाकू शकतो का? हे मी फक्त खात्रीसाठी विचारतेय.

आपली,
निकिता


नागपूर
१ जुलै २०२५

कु. निकिता,

दोन प्रश्न. त्यांची सरळ उत्तरे द्या.

एक: माहिती सेशनमध्ये हलवलीत का? होय किंवा नाही.

दोन: त्या केंद्रात संगणक किती?

तुमचे उत्तर येईपर्यंत अहवालावर सही करू नका.

म. पि.


यवतमाळ
२ जुलै २०२५, संध्याकाळ

सर,

होय.

आठ जूनला, रविवारी हलवली. तुमचं पत्र मिळाल्यावर दोन दिवसांनी. आणि नऊ तारखेला मी तुम्हाला खोटं लिहिलं. तुम्ही कारण सांगितलं नाहीत, तेव्हा वाटलं की जुन्या माणसाचा हट्ट आहे. पान चालायला लागलं की सांगू. पान नऊ सेकंदांत उघडायला लागलं आणि मला इतका आनंद झाला की पुढचं काही तपासावंसं वाटलंच नाही. खोलीवर बसून मी पाच अर्ज भरून पाहिले. पाचही बरोबर. एक संपला की दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एक. ते पाहायला मी आज सुट्टी काढून महागावला गेले, तिथून जीपने तांड्यावर. प्रेमसिंगभाऊ "या" म्हणाले नाहीत, पण खुर्ची सरकवली. मी म्हटलं, "सतरा तारखेला जसं केलं तसंच मला करून दाखवा. काहीही न बदलता."

त्यांनी एका ब्राउझरमध्ये सहा खिडक्या उघडल्या. प्रत्येक मुलीची एक.

"एकदम सहा काहून?"

"मंग काय करू? पोरी अन् त्यायच्या याड्या एका जीपनं येते, एका जीपनं जाते. एकीचं पान येईपर्यंत दुसरीचं नाव-गाव भरतो."

एकीचे गुण भरले की लगेच ते तपासणीचं पान उघडतात आणि एकेका आईला, याडीला, गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत वाचून दाखवतात: नाव, शाळा, गुण, अंतर. ती मान हलवते. मग ते 'सादर' दाबत नाहीत. पुढची खिडकी घेतात.

"आधी एकीचं दाबलं अन् रेंज गेली, तं बाकीच्या म्हणते हिचं झालं, आमचं राह्यलं. बाचाबाची होते. म्हणून सगळ्यायचं वाचून झालं का एकदमच दाबतो. कोणी पहिलं नाई, कोणी शेवटचं नाई."

मग त्यांनी सहाही खिडक्यांवर एकामागून एक 'सादर' दाबलं. मी खऱ्या अर्जांत न मिसळणारा, चाचणीचा पत्ता दिला होता. मी नोंदी उघडल्या. सहा नावं आणि सहा वेळा शेवटच्या मुलीचे गुण.

सर, सहा खिडक्या, पण ब्राउझर एक. म्हणून सर्व्हरवर कप्पाही एकच. नाव-गाव पहिल्याच पानावर पक्कं नोंदलं जातं, ते वाचलं. गुण आणि अंतर शेवटच्या बटणापर्यंत त्या एका कप्प्यात राहतात, आणि पुढची मुलगी आधीचीवर लिहून जाते. तपासणीच्या पानावर त्यांनी वाचलं ते खरंच होतं. खोटं त्यानंतर झालं, सर्व्हरवर, माझ्या कप्प्यात. पोचपावतीवर फक्त नाव आणि क्रमांक असतो, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

मी त्यांना लगेच सांगितलं नाही. "पाहते," एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "पाहा. तुम्हाले दिसते थे आम्हाले नाई दिसत."

परवा सुनावणी आहे. खरं लिहिलं तर मला काढतील. माझं कंत्राट ऑगस्टपर्यंत आहे. पुढे कायम करण्याचं बोलणं चाललंय. बाबांनी गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय. आई दर फोनला विचारते, "पक्की झाली का वं?" आणि मी काही न लिहिता नुसती सही केली तर प्रेमसिंगभाऊंचं केंद्र जाईल, सोनूचं कॉलेज जाईल, आणि कुणाला कधीच कळणार नाही. हे वाक्य लिहिताना मला माझीच भीती वाटली, कारण ते खरं आहे.

तुम्ही कारण लिहिलं असतं तर मी हलवलं नसतं. हा दोष तुमच्यावर ढकलत नाहीये. पण सांगा, तुम्हाला कसं माहीत होतं?

निकिता


नागपूर
३ जुलै २०२५, सकाळी ७

चि. निकितास आशीर्वाद.

कसं माहीत होतं, ते सांगतो. तू जे केलंस ते मी तुझ्याआधी केलं होतं.

२०१२ साली पान जड होतं म्हणून मीच माहिती सेशनमध्ये ठेवली. तेव्हा अर्ज कागदावर यायचे आणि कार्यालयातले ऑपरेटर देवीलाल ते संगणकात भरायचे. हात वेगवान. दोन खिडक्या उघडून दोन अर्ज सोबत भरायचे. दोन मुलींचे गुण एक झाले आणि एकीचा प्रवेश गेला. समितीने मला विचारलं, प्रोग्राम चुकू शकतो का? मी म्हणालो, नाही. तेव्हा मला खरंच ठाऊक नव्हतं. देवीलाल म्हणत राहिले, साहेब, मी नीट भरलं. त्यांना त्याच आठवड्यात काढलं. ते दारव्ह्याला परत गेले.

चार दिवसांनी मला चूक सापडली. समिती होती, कार्यालय होतं, मी होतो. देवीलाल जीपने तासाभराच्या अंतरावर होते. मी कुणालाही न सांगता माहिती पानासोबत परत बांधली आणि टीप लिहिली. कारण लिहायला बसलो तर ते माझ्या कबुलीजबाबासारखं वाचलं जात होतं. म्हणून तीन शब्द कमी केले, मग आणखी तीन, आणि शेवटी 'हलवू नये' एवढं उरलं. तुला सहा जूनला लिहिताना पुन्हा तेच केलं. तुझ्या पत्रात मला सरळ प्रश्न होता आणि मी रुबाब दाखवून सुटलो.

पान जड होतं हे तेव्हाही मला कळत होतं. त्या वर्षानंतर त्याला हात लावायचं धैर्य झालं नाही.

सोबत माझं सही केलेलं पत्र जोडलं आहे, समितीच्या नावे. २०१२ची हकीकत त्यात आहे. माझ्या मुलाने, साकेतने, छापून, स्कॅन करून दिलं. वाचून तो म्हणाला, "बाबा, आता कशाला?" मी त्याच्यासमोरच सही केली.

ते वापरायचं की नाही, ते तू ठरव. तुझ्यासाठी ढाल म्हणून देत नाही. प्रोग्राम चुकू शकतो का, या प्रश्नाला त्या खोलीत एकदा खरं उत्तर जावं, इतकंच.

आणि समितीला शब्दांनी समजावू नकोस. त्यांच्याकडूनच करवून घे.

तुझा,
मधुसूदन पिंपळापुरे


यवतमाळ
८ जुलै २०२५

आदरणीय सर,

शुक्रवारी संध्याकाळीच लिहायचं होतं. पण आधी तांड्यावर जाऊन यायचं ठरवलं, आणि तिथून आल्यावर कामात अडकले.

सुनावणीला शीला मॅडम आणि दोन विश्वस्त होते. प्रेमसिंगभाऊ दाराजवळ, पाठीमागे लालीबाई. अहवाल मागितला, तेव्हा मी म्हटलं, "अहवाल आहे. त्याआधी मॅडमनी दोन अर्ज भरावेत, दोन खिडक्यांत." मॅडम वैतागल्या. "वेळ नाहीये, निकिता." पण बसल्या. एकात त्यांनी स्वतःचं नाव टाकलं आणि ब्याण्णव गुण, दुसऱ्यात थट्टेने विश्वस्त काकांचं नाव आणि अडतीस. दोन्ही तपासणीची पानं त्यांनी मोठ्याने वाचली. बरोबर होती. मग दोन्ही 'सादर'.

मी नोंद पडद्यावर आणली. शीला मॅडम: अडतीस.

विश्वस्त काका चष्मा पुसायला लागले. मग प्रेमसिंगभाऊ दारातून म्हणाले, "मॅडम, तुम्ही कोणाचं चिकटवलं मंग?"

मग मी सांगितलं: आठ जूनला मी बदल केला, न विचारता केला, एका खिडकीवर तपासला. तुम्ही बजावलं होतं, हेही सांगितलं. तुमचं पत्र दिलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं. "देवीलालच्या चौकशीचे कागद मीच टाइप केले होते," इतकंच म्हणाल्या आणि पत्र फाइलमध्ये लावलं.

सर, सगळं नीट झालं असं लिहिता येत नाही. सहाही अर्ज मूळ गुणपत्रिकांवरून पुन्हा घेतले. चौघी यादीत आल्या, दोघी प्रतीक्षेत. आधी प्रवेश दिलेल्या कुणाला काढायचं नाही असं ठरलं, म्हणून सोनूची खाट सध्या वाचनखोलीत लावलीय, कपाटांच्या मधे. ती कालच आली. तिने पहिल्यांदा विचारलं, "इथं दिवा किती वाजेपर्यंत असते?" केंद्राचा परवाना कायम राहिला. दहा ते वीस जूनमधले बाकीचे सगळे अर्ज मी कागदांशी ताडून पाहिले. आणखी दोन ठिकाणी तसंच झालेलं निघालं. तेही अर्ज पुन्हा उघडलेत.

माझं कंत्राट ऑगस्टनंतर वाढणार नाही. लेखी दिलंय. त्याबद्दल मला त्यांचा राग नाही. बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पोरीयचं झालं ना भरून?" मी हो म्हटलं. "मंग तू कोणाले सांगू नको. गावात मीच सांगतलं होतं, मीच सांगतो."

प्रेमसिंगभाऊ मला सहज सोडणारे नव्हते. "मॅडम, पाच दिवस मी चोर होतो. यवतमाळात बसून सॉरी म्हणून होत नाई. तांड्यात या, याड्यायले सांगा." रविवारी गेले. सहा आया ओट्यावर बसल्या होत्या. मी मराठीत माफी मागितली, नीट तयारी करून गेले होते, बरंच बोलले. प्रेमसिंगभाऊंनी ते सगळं गोरबोलीत दोन वाक्यांत सांगितलं आणि बाया हसायला लागल्या.

"काय सांगितलं?"

"म्हणलं, पोरगी शिकलेली हाय, चुकते कवा कवा. अन् पाय धरायले आली नाई, जेवाले आली हाय."

लालीबाईंनी बाजरीची भाकर वाढली. दुसरी भाकर न विचारता ताटात टाकली.

आता कामाचं. माहिती पानासोबत परत बांधली असती तर पान पुन्हा चार मिनिटांवर गेलं असतं. म्हणून मी वेगळं केलंय: पानासोबत फक्त अर्जाचा क्रमांक जातो, आणि सर्व्हरवर प्रत्येक क्रमांकाचा स्वतंत्र कप्पा. एका ब्राउझरमध्ये सहा खिडक्या असल्या तरी सहा कप्पे. गावांची यादी गठ्ठ्यातून काढली. प्रेमसिंगभाऊंच्याच केंद्रात, त्यांच्याच पद्धतीने, सहा भरून एकदम 'सादर' करून तपासलं. पान अकरा सेकंदांत येतं. मॅडमनी स्वतः दोन खिडक्यांत भरून पाहिल्यावरच ते चालू केलं.

तुमच्या टिपेच्या जागी मी नवी टीप लिहिली आहे. मसुदा पाठवते. ऑगस्टनंतर इथे जो कुणी बसेल, त्याला विचारायला आपण दोघंही नसू.

"प्रत्येक अर्जाची माहिती त्याच्या क्रमांकाच्या कप्प्यात ठेवली आहे. ती ब्राउझरच्या सेशनमध्ये हलवू नये. कारण: केंद्रांत एकाच संगणकावर एका वेळी अनेक खिडक्या उघडून अर्ज भरतात. सेशन त्या सगळ्या खिडक्यांना एकच असतं. शेवटचा अर्ज आधीच्या सगळ्यांवर लिहिला जातो. जून २०२५ मध्ये ही चूक मी केली. सहा मुलींचे अर्ज बाद झाले आणि दोष प्रेमसिंग राठोड यांच्यावर गेला. तो त्यांचा नव्हता. निकिता वि. गावंडे."

याच्या खाली एक ओळ मी रिकामी सोडली आहे. ती भरायची की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर ओळ काढून टाकीन आणि कुणाला सांगणार नाही.

आपली,
निकिता


नागपूर
९ जुलै २०२५

चि. निकिता,

तुझी कप्प्यांची रचना दोनदा वाचली. चांगली आहे. मला २०१२ मध्ये सुचली नाही.

रिकाम्या ओळीत हे लिही, एकही शब्द कमी करू नकोस:

"जुलै २०१२ मध्ये हीच चूक मी केली होती. दोष ऑपरेटर देवीलाल यांच्यावर गेला आणि त्यांची नोकरी गेली. तो त्यांचा नव्हता. मला चार दिवसांत कळले होते. मधुसूदन पिंपळापुरे."

शनिवारी साकेत मला गाडीने दारव्ह्याला नेणार आहे. पत्ता जुना आहे, तरी आठवडी बाजारात विचारलं तर सापडेल असं वाटतं. मला ऐकू येत नाही, त्यामुळे ते काय म्हणतील ते कागदावर लिहून मागावं लागेल. तेवढ्यासाठी वही घेतली आहे.

म. पि.